ब्रेस्ट रिडक्शनचं ऑपरेशन: पहिल्या ओपीडीपासून हात मोकळे होईपर्यंत

ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे छातीचा आकार आणि भार कमी करण्याचं ऑपरेशन, आपल्याकडे सौंदर्याच्या खात्यात टाकून देतात. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं मानेला पट्टा लावते, खांद्याला बाम चोळते, पाठीचे एक्स-रे काढते, व्हिटॅमिन डीच्या पुड्या दुधातून घेते. दुखण्याचं मूळ समोर दिसत असूनही त्याचं नाव ना ती घेते, ना घरचे, ना कित्येकदा डॉक्टर. मी स्वतः हे ऑपरेशन करून घेतलं आहे आणि त्यानंतर ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच जणींशी यावर मोकळेपणाने बोलले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. थिएटरमधले दोन-चार तास सर्जन सांभाळतो. अवघड भाग त्यानंतरचा असतो, कारण आपल्या घरात बाईचे हात महिना-दीड महिना रिकामे राहणं कोणी गृहीतच धरलेलं नसतं, तिने स्वतःही नाही. म्हणून इथे ऑपरेशनइतकंच घराच्या तयारीबद्दलही लिहिते आहे. तुमच्या सर्जनने यातलं काही वेगळं सांगितलं, तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलेलं असतं.

हे आपल्यासाठी आहे का

आरशासमोर उभं राहून खांदे बघा. ब्राच्या पट्ट्यांनी तिथे कायमची खाच पडली आहे का? मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग संध्याकाळपर्यंत भरून येतो का? हाताच्या बोटांना मुंग्या येतात का? छातीखालच्या घडीत एप्रिलपासून घाम साचायला लागतो आणि पावसाळाभर तिथे लाल, खाजरं, कधी ओलसर पुरळ राहतं का? मलम लावलं की जातं आणि पंधरा दिवसांत परत येतं, ही तक्रार मुंबईच्या दमट हवेत इतकी सर्रास आहे की बायका ती तक्रार म्हणून सांगतही नाहीत.

मग रोजच्या जगण्यातल्या गोष्टी. जिना उतरताना, ट्रेन पकडायला धावताना हाताने छाती सावरावी लागणं. लेडीज डब्यात बॅग कायम पुढे धरून उभं राहणं, नजरा चुकवायला खांदे पुढे वाकवून चालायची सवय लागणं. पोहणं, धावणं, योगासनं सोडून देणं. यातल्या बऱ्याच गोष्टी जुळत असतील आणि फिजिओथेरपी, चांगल्या मापाची ब्रा, त्वचेचे उपचार हे सगळं करूनही आराम नसेल, तर प्लास्टिक सर्जनचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. मत घेणं म्हणजे ऑपरेशन ठरवणं नव्हे.

‘आधी वजन कमी कर’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं असतं. त्यात थोडं तथ्य आहे. छातीत चरबी आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग असे दोन्ही असतात. चरबी जास्त असेल तर वजनाबरोबर आकार थोडा कमी होतो; ग्रंथींचा भाग जास्त असेल तर दहा किलो उतरवूनही छाती तशीच राहते. शिवाय ज्या भारामुळे व्यायाम करता येत नाही, तो व्यायामाने घालवा म्हणणं हे त्या बाईवर अन्याय करणारं आहे. तरीही वजन फार जास्त असेल तर जखम भरायला त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून सर्जन आधी थोडं उतरवून या म्हणाले तर तो टाळण्याचा बहाणा समजू नका. ऑपरेशनच्या वेळी वजन काही महिने स्थिर असावं. नंतर बरंच वाढलं किंवा घटलं तर आकारही बदलतो.

वयाचं म्हणाल तर वाढ पूर्ण झालेली असणं महत्त्वाचं, म्हणून साधारण अठरानंतर. त्रास खूपच असेल तर अपवाद होतात. बाळाला पाजत असाल तर दूध थांबल्यावर किमान सहा महिने जाऊ द्या. पुढे मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ऑपरेशननंतर काही जणी व्यवस्थित पाजतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं, काहींना दूधच येत नाही. आधी खात्री कोणीच देऊ शकत नाही. स्तनाग्राला जोडलेल्या दुधाच्या नलिका कितपत राखता येतील ते पद्धतीवर ठरतं.

माझी आई म्हणाली होती, ‘अगं, देवानं दिलंय ते कापायचं कशाला?’ तिच्याशी वाद घातला नाही. तिचा हात माझ्या खांद्यावरच्या खाचेत ठेवला. पुढे ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात तीच राहिली.

सर्जन शोधताना

हे काम प्लास्टिक सर्जनचं आहे. एमबीबीएस आणि जनरल सर्जरीतल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात) प्लास्टिक सर्जरी, ही पदवी पाटीवर आणि लेटरहेडवर दिसली पाहिजे. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ ही शस्त्रक्रियेची पात्रता नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि छाती कमी करणारी तेलं, क्रीम, मसाज यांच्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. चोळून ग्रंथी कमी होत नाहीत.

मुंबईत खासगी हॉस्पिटलं भरपूर आहेत, पण परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे. इथेही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तिथे प्लास्टिक सर्जरी ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, हातात पूर्ण दिवस ठेवा. भाजलेले, अपघातातले, कॅन्सरनंतरचे रुग्ण तिथे साहजिकच पुढे असतात, त्यामुळे तारखेसाठी थांबावं लागू शकतं. खर्च मात्र खासगीच्या मानाने फारच कमी.

पहिल्या भेटीत कमरेच्या वरचे कपडे काढून तपासणी होते. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत स्त्री कर्मचारी किंवा तुमचं माणूस हजर असणं हा रुग्ण म्हणून तुमचा हक्क आहे. नसेल तर मागा. टेपने मापं घेतात. गळ्याच्या खालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर हे त्यातलं मुख्य. साधारण २१ सेंटिमीटरच्या आसपास ते प्रमाणात मानतात. भार जास्त असेल तर ३० आणि त्याहून पुढेही जातं. फोटो काढतात. त्यात चेहरा नसावा, ते कुठे ठेवणार आणि कोणाला दाखवणार हे विचारा, आणि जाहिरातीसाठी वापरायची संमती फॉर्ममध्ये मिसळलेली नाही ना, ते वाचूनच सही करा.

मग प्रश्न विचारा. माझ्या बाबतीत कोणती पद्धत? व्रण कुठे येतील, कागदावर काढून दाखवाल का? स्तनाग्राची संवेदना जायची शक्यता किती? भूल कोण देणार? रात्री काही झालं तर हॉस्पिटलात कोण असतं? तुम्ही केलेल्या, माझ्यासारख्याच बांध्याच्या बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो बघता येतील का? या प्रश्नांवर जे डॉक्टर चिडतात किंवा घाईने ऑफर सांगतात, तिथून उठून यावं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लागणारे चार पैसे इथे सर्वांत सत्कारणी लागतात.

एक सांगून ठेवते: अमुकच कप साइज मिळेल असं वचन कोणी देऊ शकत नाही. ब्राचं माप कंपनीगणिक बदलतं. ‘जेवढं कमी करता येईल तेवढं करा’ असं म्हणण्याऐवजी तुमच्या खांद्यांच्या आणि कमरेच्या प्रमाणात किती हवं ते बोला. स्तनाग्राचा रक्तपुरवठा टिकवायचा असल्याने मनात आलं तेवढं काढता येत नाही, हेही समजून घ्या.

पैसे आणि विमा

अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, थिएटर, खोली, औषधं, तपासण्या, पॅथॉलॉजी, सर्जिकल ब्रा आणि नंतरची ड्रेसिंगं येतात का ते एकेक करून विचारा. जीएसटी लागणार का, हेही. कॉस्मेटिक म्हणून धरलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची करसवलत मिळत नाही आणि तो आकडा शेवटच्या बिलात पाहून धक्का बसतो.

विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण त्याच कलमात पुढे अपवाद असतो: अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलेला उपचार. रिडक्शनचे दावे या शेवटच्या वाक्याच्या आधारावर लढवावे लागतात आणि ‘तातडीचा धोका’ या शब्दांवरच नाकारलेही जातात. म्हणून कागद आधीपासून जमवा: ऑर्थोपेडिकचे पेपर, फिजिओथेरपीच्या नोंदी, त्वचेच्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शनं, सर्जनचं सविस्तर पत्र. ‘रुग्णाला आकार कमी हवा आहे’ असं लिहिलेल्या पत्राचा उपयोग नाही. कोणती लक्षणं, किती काळ, कोणते उपचार करून झाले, हे त्यात हवं. पूर्वपरवानगी मागा आणि नकार आला तर तो लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही महिन्याभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे आणि तिथे तक्रारीला फी नाही. तरी माझा सल्ला असा की मंजुरी हातात येईपर्यंत विम्याचे पैसे मिळणारच असं धरून चालू नका.

ऑपरेशनच्या आधीचे आठवडे

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे नेहमीचं. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे, त्याआधीच्या वयात बहुधा सोनोग्राफी. हिमोग्लोबिनकडे खास लक्ष द्या. आपल्याकडे बायकांचं ते कमी असतं आणि ऑपरेशनमध्ये थोडं रक्त जातंच. कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना वेळ द्या, तारीख पुढे गेली तरी चालेल. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय घाई नको.

तंबाखू. ही बाब मी वेगळी काढून सांगते, कारण इथे लपवाछपवी होते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि या ऑपरेशनमध्ये स्तनाग्राला होणारा रक्तपुरवठा मुळातच थोड्या ऊतींवर अवलंबून असतो. तो तुटला तर कातडी किंवा स्तनाग्र काळं पडून गळू शकतं. म्हणून आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. सिगारेट तर खरीच, पण मिश्रीही. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या मावश्या रोज सकाळी मिश्री लावत असतात आणि डॉक्टर नेमकं ‘स्मोकिंग करता का’ एवढंच विचारतात. निकोटिनचं च्युइंगगमही त्यातच धरा.

चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा: अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडची, आणि ‘साधी’ म्हणून घेतलेली आयुर्वेदिक चूर्णं, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा. काय थांबवायचं आणि कधी, ते डॉक्टर ठरवतील. आपणहून काही बंद करू नका.

घर

आता मुख्य मुद्दा. साधारण दोन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत आणि चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं, ओढायचं, ढकलायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. आता तुमच्या घरातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पिंपातून पाणी काढणं. भरलेला कुकर ओट्यावरून खाली घेणं. कणीक मळणं, भाकरी थापणं. ओली चादर पिळणं आणि वरच्या दांडीवर टाकणं. माळ्यावरचा डबा. लादी पुसणं. बादली. शाळेचं दप्तर. कडेवरचं मूल. यातलं प्रत्येक काम छातीच्या स्नायूंनी होतं आणि यातलं काहीही चालणार नाही.

म्हणून तारीख ठरली की घरच्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा. ‘बघू, होईल’ असं कोणी म्हटलं तर ते काम कोणीच करणार नाही असं समजा. नवऱ्याने सुट्टी पहिल्या आठवड्यात घ्यावी. बहीण किंवा आई दुसऱ्या आठवड्यात आली तर दोन्ही आठवडे निभतात. पोळ्या-भाजीचा डबा किमान महिनाभर लावा. मोठी सुट्टी म्हणून गणपती-दिवाळीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना कोणतीही बाई पलंगावर पडून राहत नाही. लहान मूल असेल तर ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर तुम्ही खाली बसायचं आणि त्याने मांडीत यायचं, अशी सवय लावा. नंतर ‘उचलून घे’ म्हणून रडणाऱ्या मुलाला नाही म्हणणं फार जड जातं.

जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर तेवढ्यापुरती कॉट किंवा दिवाणाची सोय करा. जमिनीवरून उठताना सगळा भार हातांवर येतो. निदान तीन-चार आठवडे उताणं, पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन झोपायचं आहे. कुशीची सवय असेल तर दोन्ही बाजूंना लोड ठेवा. रोज लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चहा-साखर, औषधं, चार्जर, कपडे, सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पुढून बटणं असलेले गाउन किंवा शर्ट लागतील. डोक्यावरून घालायचं काही नको. पुढून हुक असलेल्या, तार नसलेल्या सर्जिकल ब्रा दोन घ्या, एक धुवायला आणि एक अंगावर. पावसाळ्यात तीन, कारण वाळत नाहीत.

रजेचं बोलायचं तर बैठ्या कामाला साधारण दोन आठवड्यांनी जाता येतं, पण मुंबईत ऑफिस म्हणजे फक्त खुर्ची नव्हे. गर्दीच्या वेळची लोकल, छातीवर येणारे धक्के, वर हात करून धरायची कडी, हे सगळं त्यात आलं. शक्य असेल तर तीन-चार आठवडे घ्या किंवा सुरुवातीला घरून काम मागा. ऑफिसात कारण सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘शस्त्रक्रिया झाली आहे, वजन उचलायला मनाई आहे’ एवढं सर्टिफिकेट पुरतं.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्रीनंतर उपाशी राहायला सांगतात. पाण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, ती काटेकोर पाळा. दागिने, नेलपॉलिश, लेन्स काढून ठेवायचं.

थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जन तुम्हाला उभं किंवा बसतं ठेवून मार्करने छातीवर खुणा करतात. आडवं झालं की छाती बाजूला पसरते आणि मापं बदलतात, म्हणून हे उभ्यानेच. मध्यभागी एक सरळ रेघ, दोन्ही बाजूंना वळणाऱ्या रेघा, स्तनाग्र जिथे नेऊन बसवायचं तिथे खूण. एसीच्या गारठ्यात उघड्या अंगाने स्तब्ध उभं राहायचं, मार्करचं थंड टोक कातडीवरून सरकतं, आणि डॉक्टर चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघतात. मला या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त भीती वाटली होती, कारण ती रेघ पुढे काय होणार ते सांगत होती. घाबरला असाल तर तिथेच बोला, विचारा. अजून काही कापलेलं नसतं.

पूर्ण भूल देतात आणि साधारण दोन ते चार तास लागतात. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढून उरलेला भाग नव्याने बांधतात; स्तनाग्र रक्तवाहिन्या आणि नसांसकट वर सरकवतात. कमी काढायचं असेल तर व्रण स्तनाग्राभोवती गोल आणि खाली सरळ रेघ असा येतो. जास्त काढायचं असेल तर त्याला छातीखालच्या घडीत एक आडवी रेघ जोडली जाते, म्हणजे उलटा टी. अगदी प्रचंड आकार असेल तर स्तनाग्र सुटं करून कलमासारखं पुन्हा लावावं लागतं. त्यात संवेदना आणि स्तनपान दोन्ही जवळपास गेलंच समजायचं. काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातो. तो रिपोर्ट मागून घ्या.

जाग आल्यावर छाती घट्ट बांधल्यासारखी वाटते, घसा खवखवतो, मळमळतं. बाजूला बारीक नळ्या, म्हणजे ड्रेन, असतील तर त्या एक-दोन दिवसांत निघतात. त्याच संध्याकाळी धरून का होईना, चालायला लावतात. ते टाळू नका; पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते आहे. बहुतेकींना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घरी जाताना रिक्षा नको, टॅक्सी करा, आणि सीटबेल्ट व छाती यांच्यामध्ये छोटी मऊ उशी ठेवा. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा टाक्यांना कळतो.

घरचे पहिले दिवस

दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड. गोळ्या घड्याळ लावून घ्या. दुखायला लागायची वाट बघितली तर आवरायला वेळ लागतो. जोरदार वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथताना छातीवर ताण येतो, म्हणून भरपूर पाणी, पपई, रात्री इसबगोल. भाताने पू होतो, आंबटाने जखम चिघळते, असं कोणी ना कोणी सांगणारच. त्याला आधार नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात; दाटसर वरण, मुगाची खिचडी, अंडी, मासे, पनीर, दही, जे आवडतं ते पोटभर खा.

अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दोन-तीन दिवसांनी. पहिल्या वेळी सोबत कोणी असू द्या, कारण पट्टी सुटल्यावर चक्कर येऊ शकते. आणि मन घट्ट करा. पहिल्यांदा जे दिसतं ते सुजलेलं, निळंजांभळं, वरच्या बाजूला फुगलेलं आणि खाली चपटं असतं. हा अंतिम आकार नाही. सूज उतरून छाती खाली ‘बसायला’ तीन ते सहा महिने लागतात. काही जणींना या दिवसांत कारण नसताना रडू येतं. शरीराचा ओळखीचा भाग एका दिवसात बदलला की असं होणं साहजिक आहे. ते दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर मात्र डॉक्टरांना सांगा.

उलट्या टीमध्ये उभी आणि आडवी रेघ जिथे मिळतात, त्या टोकाला कातडीवर सर्वांत जास्त ताण असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमकं तिथेच टाका उसवून छोटं छिद्र पडणं, थोडा पातळ स्राव येणं हे बऱ्याच जणींना होतं. दिसायला भीतीदायक, पण साध्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरतं. सर्जनला दाखवा. हळद, तूप, कोरफड, टाल्कम पावडर, मनाने आणलेलं मलम, यातलं काहीही त्यावर लावू नका.

पण पुढच्या गोष्टींसाठी सकाळची वाट बघू नका. एकच बाजू अचानक टणक, मोठी आणि खूप दुखरी होणं (बहुधा पहिल्या दिवसभरातच होतं आणि आत रक्त साचल्याचं लक्षण असतं). स्तनाग्र काळसर-निळं किंवा पांढरंफटक पडणं. ताप, थंडी, पसरणारी लाली, दुर्गंधी असलेला पू. पोटरी सुजणं-दुखणं, धाप लागणं, छातीत कळ. यात थेट १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

साधारण चौथ्या आठवड्यात एक धोका असतो, आणि तो बरं वाटण्याचा असतो. दुखणं संपलेलं, मान हलकी झालेली, आणि ओटा समोर दिसत असतो. ‘एवढंसं काय होतंय’ म्हणून बादली उचलली जाते. आतले टाके आणि ऊती मात्र अजून पूर्ण जुळलेल्या नसतात. माझ्या नणंदेने तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि म्हणाली, ‘वहिनी, इथे बसून काय हवं ते सांग, पण आत पाऊल टाकायचं नाही.’ अशी एखादी नणंद तुमच्याही घरात शोधून ठेवा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून रोज वाढवत न्या. धावणं, सूर्यनमस्कार, जिम, पोहणं हे सहा आठवड्यांनंतर, विचारून.

व्रण, संवेदना आणि पुढची वर्षं

व्रण राहणारच. सहा महिन्यांपर्यंत ते लालसर-तपकिरी आणि थोडे उंच असतात, वर्ष-दीड वर्षात फिके आणि मऊ होतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते गडद राहण्याची किंवा जाड होण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी तुमची कातडी गाठीसारखी वाढलेली असेल तर ते सर्जनला आधीच सांगा. जखम पूर्ण बंद झाली की सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा जेल काही महिने चिकाटीने वापरल्याचा उपयोग होतो.

स्तनाग्राची संवेदना काही आठवडे बधिर किंवा उलट अतिशय हुळहुळी असू शकते. बहुतेकींना ती बरीचशी परत येते, काहींना कायमची कमी राहते. हे ऑपरेशनच्या आधी जोडीदाराशी बोलून ठेवलेलं बरं. दोन्ही बाजूंत बारीक फरक राहतो. तो बहुतेकींमध्ये मुळातही होताच.

नवीन ब्रा आणि ब्लाउज यांची घाई नको. तार असलेली ब्रा तीन महिने नाही, आणि महागड्या ब्रा सूज उतरल्यावरच. तोवर शिंप्याकडे जुन्या ब्लाउजला टीप मारून भागवा, नव्या ब्लाउजला आत माया सोडायला सांगा. खांद्यावरच्या खाचा उथळ होतात, पण खोल असतील तर पूर्ण जात नाहीत. वाकून चालायची सवय भार गेल्यावर आपोआप सुटत नाही, त्यासाठी थोडे दिवस फिजिओथेरपी घ्या.

आणि तपासण्या. रिडक्शन झालं म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची तपासणी संपली असं नाही. छातीत ग्रंथी उरलेल्या असतातच. दर महिन्याला हाताने तपासत राहा. ऑपरेशननंतर चरबीचा एखादा भाग आत कडक होऊन गाठ लागू शकते, ती बहुधा निरुपद्रवी असते, पण ते तुम्ही ठरवायचं नाही. प्रत्येक नवी गाठ डॉक्टरांना दाखवायची. चाळिशीच्या पुढे असाल तर सहा महिने ते वर्षभरात एक नवी मॅमोग्राफी करून ठेवा, म्हणजे पुढच्या तुलनेला आधार मिळतो. आतल्या व्रणांमुळे चित्र बदललेलं असतं, म्हणून मॅमोग्राफी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ऑपरेशन कधी झालं ते सांगा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट व डिस्चार्ज कार्ड दोन्ही सोबत न्या.